आधी बाथरूम, मग पापलेट

कल्पिताचं माहेर चिंचणी, सासर डहाणूजवळचं आगर गाव. नवरा हार्दिक बोटीवर खलाशी आणि सासू पुतळी डहाणूच्या मासळी बाजारात बसणारी. सून आली म्हणजे आज ना उद्या टोपली तिच्या डोक्यावर येणार, असं घरादारानं धरूनच ठेवलं होतं. पण कल्पिताचा जीव गाडीत. लग्नाआधी भावाची स्कूटर गुपचूप काढून ती तारापूरच्या रस्त्याला फिरून यायची आणि भावाला कळायच्या आत जागेवर लावून ठेवायची.

म्हणून ‘ताटली’ नावाचं घरपोच जेवणाचं ॲप डहाणूत आलं आणि जतीन नावाचा टीम लीडर नाक्यावर उभा राहून रायडर गोळा करायला लागला, तेव्हा कल्पिता सरळ जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली. जतीनला वाटलं, नवऱ्यासाठी विचारायला आली असेल.

“माझ्यासाठीच पाहिजे,” ती म्हणाली.

“बाईमाणसाला जमेल का, वहिनी?”

“गाडीला कुठं कळतं चालवणारा कोण ते?”

जतीन हसला आणि पोपटी टी-शर्ट काढून दिला. तो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. पुतळीनं तो शिवून मापाचा करून दिला. टोपलीबद्दल पुन्हा कधी विषय निघाला नाही.

काम तिला आवडलं. इराणी रोडच्या चिकूवाड्यांमधून सावलीसावलीनं जायचं, मसोलीच्या गल्ल्या, मल्याणच्या इमारती, पारनाक्याचा वारा. कुठल्या घरचं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच चावतं हे तिला महिन्याभरात पाठ झालं. नाक्यावरच्या रायडर पोरांनी आधी तिला बिचकून जागा दिली, मग चहा दिला, आणि मग तर भांडणं सोडवायलाही तिलाच बोलवायला लागली.

एकच अडचण होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

पुरुष रायडरांचं काय, एखादं कुंपण दिसलं की गाडी बाजूला घ्यायची. कल्पितानं कुठं जायचं? हॉटेलात पार्सल घ्यायला ती दिवसातून कितीतरी वेळा जायची. सुरुवातीला एक-दोन ठिकाणी तिनं विचारलंही. एकानं सांगितलं, बाथरूम गिऱ्हाइकांसाठी आहे. दुसऱ्यानं सांगितलं, स्टाफसाठी आहे. ती दोन्हीत बसत नव्हती. ॲपमध्ये तिचं नाव ‘पार्टनर’ असं यायचं, पण ‘पार्टनर’साठी बाथरूम कुठंच नव्हतं. घर काही लांब नव्हतं, पण दुपारच्या गर्दीत ॲप बंद करून घरी गेलं की रेटिंग घसरायचं, आणि रेटिंग घसरलं की दुसऱ्या दिवशी ऑर्डरी दुसऱ्यांना जायच्या.

मग तिनं आपल्यापुरता उपाय काढला. पाणीच प्यायचं नाही. सकाळी निघताना घोटभर चहा, आणि मग संध्याकाळी घरी आल्यावर तांब्यांवर तांबे. पाठीवर जेवणाची गरम पेटी, डोक्यावर हेल्मेट, अंगात टी-शर्ट चिकटलेला. जळजळ सुरू झाली तेव्हा तिनं मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या. कमरेत कळ यायला लागली तेव्हा म्हणाली, गाडीचे शॉकॲब्सॉर्बर गेलेत. थंडी वाजून ताप आला तेव्हा एक दिवस घरी राहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली.

एप्रिलमध्ये हवा अशी कोंदली की समुद्राकडून येणारा वारासुद्धा तोंडावर वाफ मारल्यासारखा वाटायचा. अशाच एका दुपारी मल्याणमधल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिला पार्सल द्यायचं होतं. लिफ्ट बंद होती. तिनं बेल दाबली, दार उघडलं, तिनं पिशवी पुढं केली. समोरच्या बाईंनी ती हातात घेतलेली तिला आठवते. त्यानंतर जिना एका बाजूनं वर उचलला गेल्यासारखा झाला, एवढंच.

त्या बाई म्हणजे वसुमतीबाई. जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान गोपीनाथराव रेल्वेतून निवृत्त. दोघांनी मिळून तिला घरात ओढलं, तोंडावर पाणी मारलं, खालच्या दुकानदाराला हाक मारून रिक्षा आणवली. रिक्षा येईपर्यंत वसुमतीबाईंनी ॲपवर लिहिलं की तुमची मुलगी आमच्या दारात बेशुद्ध पडली आहे, कुणाला तरी पाठवा. ॲपनं लगेच उत्तर दिलं. जेवण पोचायला उशीर झाल्याबद्दल दिलगीर आहोत, पुढच्या ऑर्डरवर आपल्याला सूट मिळेल.

कल्पिता शुद्धीवर आली ती सलाइन लावलेल्या हातानं. डॉक्टर स्वप्ना तिची नाडी बघत होत्या. खाटेच्या पायथ्याशी पुतळी उभी होती, बाजारातून तशीच आलेली, अंगाला मासळीचा वास.

“लघवीच्या जागेचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यात ऊन, आणि अंगात पाण्याचा थेंब नाही. आणखी थोडे दिवस असेच गेले असते तर मूत्रपिंडाला कायमची इजा झाली असती. पाणी का पीत नव्हतीस?”

कल्पितानं मान फिरवली. डॉक्टर गेल्यावर पुतळीनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा ती हळूहळू बोलायला लागली. गिऱ्हाइकांसाठीचं बाथरूम, स्टाफसाठीचं बाथरूम, आणि मधली ती.

पुतळी स्टूल ओढून बसली.

“बाजारात आमचं पण असंच होतं,” ती म्हणाली. “मी नवी सून होते तेव्हा. पहाटे बसायचं ते दुपारपर्यंत. माझ्या शेजारी बसणाऱ्या रखमीला अशीच कळ यायची. शेवटी सगळ्या बायका नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर टोपल्या घेऊन बसलो. आत साहेब नाकाला रुमाल लावून बसले होते. बाजारात संडास बांधून मिळाला तेव्हाच उठलो.”

“तिथं साहेब तरी होते, आई. माझ्या ॲपमध्ये माणूसच नाही.”

“हाटेलात तर माणसं हायत ना?” पुतळी म्हणाली.

घरी आल्यावर कल्पितानं ॲप उघडलं तर आयडी बंद. ती पडली तेव्हा ‘पोचवलं’ हे बटण दाबायचं राहून गेलं होतं. ॲपनं धरलं की पार्सल पोचलंच नाही, ऑर्डर रद्द केली आणि तिला काढून टाकलं. दवाखान्याच्या खर्चासाठी तिनं कंपनीच्या विम्याकडं अर्ज केला. तिकडून उत्तर आलं की घटनेच्या वेळी आपण कामावर नव्हता.

जतीन तिला भेटायला आला, पण ओट्यावर अवघडून बसला.

“वहिनी, मी वर कळवलंय. पण वर म्हणजे कुठं ते मला पण माहीत नाय. मी पण त्यांना फोनमध्येच बघतो.”

“उद्या तू पडलास तर?”

जतीन चहा अर्धा ठेवून गेला.

नाक्यावर बातमी पसरली, आणि तलासरीहून लाहू आला. लाहू तिकडचा रायडर, हायवेवरच्या हॉटेलांतून ऑर्डरी उचलायचा. मागच्या पावसाळ्यात अच्छाडजवळ ट्रकच्या हवेनं त्याची गाडी घसरली होती आणि मनगट अजून नीट वळत नव्हतं. त्याला विमा मिळाला नव्हता, पण त्यापायी कुठं जायचं, कुणाला विचारायचं हे त्याला ठाऊक झालं होतं.

“ताई, नव्या कायद्यात आपलं नाव आलंय,” तो म्हणाला. “गिग कामगार, म्हणजे ॲपवर काम करणारे आपण. सरकारचं ई-श्रम कार्ड मी काढलंय, तुम्ही पण काढा. आणि तुमचं प्रकरण घेऊन कामगार कार्यालयात जाऊ. माझ्या वेळी मी एकटाच होतो. एकट्याचं कोण ऐकतंय.”

कामगार कार्यालयातले अधिकारी ललित साहेब तरुण होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आशा लावण्याआधी खरं ते सांगितलं.

“हे बघा, कायद्यानं तुम्हाला ओळख दिलीय, पण कंपनीचे पगारी नोकर म्हटलेलं नाही. अपघात, आजारपण, बाळंतपण यासाठी सामाजिक सुरक्षेच्या योजना आणि त्यात ॲप कंपन्यांनी भरायचा वाटा, हे त्यात आहे. काही गोष्टी अजून व्हायच्या आहेत. पण कंपनीनं विमा देतो असं स्वतः कबूल केलंय, तर तो नाकारताना कारण खरं पाहिजे. मी त्यांना बैठकीला बोलावतो. ते येतील याची खात्री मात्र मी देत नाही.”

पहिल्या बैठकीला कंपनीचं कुणी आलं नाही. कल्पिता, लाहू आणि रिकामी खुर्ची. परत येताना कल्पिता गाडीवर लाहूच्या मागं बसली होती आणि तिच्या मनात आलं, आपण उगाच सगळ्यांना दमवतोय. दुसरं काहीतरी काम बघावं. घरी येऊन तिनं तसं म्हटलंही.

पुतळी सुकटीची टोपली झाकत होती. “उद्या सकाळी माझ्याबरोबर चल,” ती म्हणाली.

सकाळी बाजारात देवजीशेठ आला. मूळचा नरपडचा, कोळी घरातलाच. आता पारनाक्याच्या रस्त्याला त्याचं मोठं हॉटेल होतं आणि त्याच्या पापलेट फ्रायसाठी सुरतेहून गाड्या यायच्या. तो रोज पुतळीकडून आणि तिच्या शेजारच्या रखमी, बायजीकडून मासळी उचलायचा. नेहमीप्रमाणे त्यानं वाकून पापलेटाचे कल्ले बघितले.

“ही काढ, पुतळीबाय.”

पुतळीनं ओलं फडकं पापलेटांवर टाकलं.

“तुला नाय.”

“का, आज कुणी आधी सांगून ठेवलीय?”

“ही माझी सून. तुझ्या हाटेलातून गेली दोन वर्षं जेवण उचलते. तिला लघवीला जायचं होतं तेव्हा तुझ्या पोरांनी दार दाखवलं. आधी बाथरूम, मग पापलेट.”

देवजीशेठ हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. मग तो रखमीकडं वळला. रखमीनं बोंबील झाकले. बायजीनं कोळंबी झाकली. ओळीनं सगळ्या बायकांनी फडकी टाकली आणि बाजारातला कायमचा गलका एकदम थांबला. कल्पिता पुतळीच्या मागं उभी होती. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं भलतंच. तिला हसू आलं, आणि ते दाबायला तिनं पदर तोंडात धरला.

“पुतळीबाय, मला काय माहीत होतं कोण कुणाची सून,” देवजीशेठ खालच्या आवाजात म्हणाला.

“सून नसती तर?” कल्पितानंच विचारलं. आपण बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं. “शेठ, एकट्या माझ्यासाठी नकोय. जो कोणी तुमचं जेवण पाठीवर घेऊन उन्हात जातो, त्याला पाणी आणि बाथरूम. बाई असो, पोरगा असो.”

देवजीशेठ त्या दिवशी रिकाम्या पिशव्या घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं चिंचणीच्या बायकांकडं माणूस पाठवला. चिंचणी तर कल्पिताचं माहेर. तिथंही फडकी पडली. आणि त्याच दुपारी, जेवणाच्या ऐन वेळेला, डहाणूच्या रायडरांनी आपापलं ॲप बंद केलं. नाक्यावर पिंपळाखाली सगळे पोपटी टी-शर्ट एका ओळीत बसले. लाहूनं तलासरीकडच्या रायडरांनाही ते बंद करायला लावलं होतं. शाकाहारी हॉटेलवाल्यांना मासळीचं सोयरसुतक नव्हतं, पण त्यांची पार्सलं काउंटरवर थंड होत गेली. लोकांचे फोन यायला लागले. जतीन थोडा वेळ लांब उभा राहिला, मग त्यानं आपला फोन बंद केला आणि ओळीत येऊन बसला.

देवजीशेठ संध्याकाळच्या आत स्वतः आगरला आला. पुतळीच्या ओट्यावर बसला, पाणी मागितलं. पुतळीनं दिलं.

“बाथरूम उघडलं,” तो म्हणाला. “बाहेर पाण्याचा माठ ठेवलाय, बसायला बाकडं टाकलंय. बाकीच्या हॉटेलवाल्यांशी पण बोललो. ते तयार आहेत. आता उद्याचं पापलेट?”

“उद्याचं बघू,” पुतळी म्हणाली. “आज तुमची सगळ्यांची गाऱ्हाणी त्या कंपनीला सांगा. आमचं ऐकत नाय ती, तुमचं ऐकेल.”

आणि ऐकलं. जिथं ललित साहेबांच्या नोटिशीला उत्तर आलं नव्हतं, तिथं डहाणूतल्या हॉटेलांच्या तक्रारींनी दोन दिवसांत माणूस आला. दुसऱ्या बैठकीला इस्त्रीचा शर्ट घातलेला कंपनीचा एक अधिकारी आणि बरोबर वकील असे दोघं बसले होते. समोर कल्पिता, लाहू, जतीन. आणि एका बाजूला छत्री मांडीवर ठेवून वसुमतीबाई. कल्पितानं त्यांना फोन केला होता तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या होत्या की किती वाजता यायचं ते सांग.

वकील सभ्यपणे बोलत होता. आम्हाला सहानुभूती आहे, पण नोंदीप्रमाणे पार्सल पोचलेलं नाही, त्यामुळे त्या वेळी त्या कामावर होत्या असं म्हणता येत नाही.

“पार्सल पोचलं होतं,” वसुमतीबाई म्हणाल्या.

“आपण?”

“मी गिऱ्हाईक. तिनं बेल दाबली, मी दार उघडलं, पिशवी तिच्या हातातून माझ्या हातात आली. मग ती पडली. तिचं काम तिनं पुरं केलं होतं. बटण दाबायला ती शुद्धीवर नव्हती, एवढंच. मी तुमच्याकडं मदत मागितली तर तुम्ही मला पुढच्या जेवणावर सूट दिलीत. ती सूट मला नको. या मुलीचा विमा द्या.”

इस्त्रीच्या शर्टातल्या माणसानं फोन काढून बाईंना आलेला तो संदेश आपल्या यंत्रणेत शोधला, वाचला आणि फोन पालथा ठेवला. तो वकिलाच्या कानाशी काही बोलला. मग कल्पिताकडं बघून म्हणाला, “मॅडम, हे व्हायला नको होतं.”

“माझं झालं,” कल्पिता म्हणाली. “दुसऱ्याचं होऊ नये, त्याचं बोला.”

बोलणं लांबलं. दुपार उलटली तेव्हा ललित साहेबांनी जे ठरलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. कल्पिताचा विमा मंजूर, आयडी पुन्हा सुरू. लाहूच्या मनगटाचं प्रकरण पुन्हा उघडायचं. माणसाशी बोलल्याशिवाय यापुढं कुणाचाही आयडी बंद करायचा नाही, आणि बोलायला जिल्ह्यात एक जिवंत माणूस बसवायचा. तापमान चढलं असताना दुपारची ऑर्डर नाकारली तर रेटिंग कापायचं नाही. आणि ज्या हॉटेलला ॲपवर राहायचंय, त्यानं रायडरसाठी पाणी आणि बाथरूम खुलं ठेवायचं.

“सगळं नाही मिळालं,” बाहेर आल्यावर लाहू म्हणाला. “कंपनीनं भरायच्या वाट्याचं अजून लटकलंय.”

“ते पण आणू,” कल्पिता म्हणाली. तिनं इतक्या सहज म्हटलं की लाहू वळून बघायला लागला. वसुमतीबाई मात्र छत्री उघडून रिक्षा शोधत होत्या. कल्पितानं त्यांना आपल्या गाडीवर घेतलं. बाई आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर मागं बसल्या होत्या आणि मल्याण येईपर्यंत त्यांनी कल्पिताचा खांदा सोडला नाही. उतरल्यावर म्हणाल्या, “अगं, छानच वाटतं की.”

हार्दिक बोटीवरून आला तेव्हा त्याला सगळी हकीकत बंदरावरच कळली होती. तो घरात शिरला तो हसतच. “आईनं देवजीशेठचं पापलेट बंद केलं म्हणे,” तो म्हणाला. “आणि तू कंपनीला नमवलंस. मी घरात राहू ना? का मला पण काही अट हाय?”

“रोज भांडी घासायची,” पुतळी आतून म्हणाली.

पावसाळा उघडल्यावर तलासरीत रायडरांचा मेळावा झाला. शाळेच्या पटांगणात मंडप, एका बाजूला ई-श्रमची नोंदणी, दुसऱ्या बाजूला डॉक्टर स्वप्ना आणि त्यांच्या दोन नर्स. रक्तदाब, पाठ, डोळे, लघवीची तपासणी. बोईसरहून पोरं आली होती, वापीकडून आली होती. ज्यांना पाठदुखी म्हणजे कामाचाच भाग वाटायचा ती रांगेत उभी राहून एकमेकांना कुठं दुखतं ते दाखवत होती. वर्षा आणि किंजल अशा दोन मुली होत्या, नुकत्याच कामाला लागलेल्या, अंगात ढगळ टी-शर्ट.

लाहूनं कल्पिताला व्यासपीठावर ढकललं. तिनं काय बोलायचं ते घरी घोकलं होतं, ते एवढी माणसं बघून साफ विसरलं. ती माइकसमोर उभी राहिली. खाली पहिल्या रांगेत पुतळी, रखमी, बायजी बसल्या होत्या, नव्या लुगड्यांत, लग्नाला आल्यासारख्या.

“मी आगरची कल्पिता,” ती म्हणाली. “रायडर. माझ्यापायी माझी सासू देवजीशेठशी भांडली, एक शिक्षिका बाई कंपनीच्या वकिलाशी बोलल्या, आणि लाहूनं तर स्वतःचं मनगट तसंच ठेवून माझ्यासाठी चकरा मारल्या. मी काय केलं? मी लाजले नाही, एवढंच केलं. आधी फार दिवस लाजले. तुम्ही लाजू नका. तहान लागली तर पाणी प्या. जायचं असेल तर जा. कुणी अडवलं तर आम्हाला फोन करा.”

टाळ्या पडायला लागल्या त्या थांबेनात. वर्षा उठून उभी राहिली आणि तिथूनच विचारलं, “ताई, फोन कुणाला करायचा?”

कल्पितानं माइकवर आपला नंबर सांगितला. पटांगणभर मोबाईल बाहेर निघाले. मागच्या कुणाला तरी शेवटचे आकडे ऐकू आले नाहीत, म्हणून तिनं तो पुन्हा सांगितला, सावकाश, एकेक आकडा सुटा करून.